वह्या, गणवेश आणि पाच कोटींची मर्यादा : दिल्लीतील महापालिका शाळांचा निर्णय नेमका कुठे होतो?

तुमचे मूल दिल्ली महापालिकेच्या शाळेत शिकत असेल, तर एप्रिलमध्ये सत्र सुरू झाल्यावर दोन गोष्टींची वाट पाहणे तुमच्या अंगवळणी पडलेले असेल : पुस्तके-वह्या कधी मिळणार आणि गणवेशाचे पैसे खात्यात कधी जमा होणार. उशीर झाला की आपण बाईंना विचारतो, बाई मुख्याध्यापकांकडे बोट दाखवतात आणि मुख्याध्यापक "वरून आले नाही" म्हणतात. हे "वर" म्हणजे नेमके कोण, ते या लेखात पाहू. ते कळले तर अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा हेही कळते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. दिल्लीत सगळ्या सरकारी शाळांचा एकच मालक नाही. पाचवीपर्यंतच्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा महापालिकेच्या आहेत. सहावीपासून पुढे मुले साधारणपणे दिल्ली सरकारच्या शिक्षण संचालनालयाच्या शाळांत जातात. नवी दिल्ली नगरपालिका परिषद आणि छावणी परिषद यांच्या शाळा वेगळ्या. आणि तुम्ही यमुनेपलीकडे नोएडा किंवा गाझियाबादमध्ये राहत असाल तर तुमची शाळा उत्तर प्रदेशच्या नियमांनी चालते, गुरुग्राम-फरीदाबादमध्ये असाल तर हरियाणाच्या. घर बदलून दोन मेट्रो स्थानके पुढे गेलात तरी लाभाचा नियम बदलू शकतो.

२०२४ मध्ये काय घडले

महापालिकेच्या सभागृहात २५० निवडून आलेले नगरसेवक असतात. पण खर्चाचा रोजचा निर्णय सगळे सभागृह घेत नाही. त्यासाठी १८ सदस्यांची स्थायी समिती असते. त्यातले ६ सदस्य सभागृहातून निवडले जातात आणि १२ जण १२ विभागांच्या प्रभाग समित्यांमधून येतात. २०२४ मध्ये ५ कोटी रुपयांपेक्षा मोठे कंत्राट असेल तर त्याला या समितीची मंजुरी लागत असे. तिच्याशिवाय आयुक्त त्या रकमेच्या पुढे जाऊ शकत नव्हते.

तिन्ही महापालिका २०२२ मध्ये एकत्र झाल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निवडणूक झाली. पण स्थायी समिती स्थापन झालीच नाही. सभागृहातील गोंधळ, उपराज्यपालांनी नेमलेल्या १० सदस्यांवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेला वाद, मग एका जागेच्या निवडणुकीवरून पुन्हा वाद. यात कोणाचे किती चुकले हा राजकारणाचा विषय आहे, तो इथे बाजूला ठेवू. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की जवळजवळ अडीच वर्षे मोठ्या खर्चाला "हो" म्हणणारे टेबलच रिकामे होते.

५ कोटी ही रक्कम ऐकायला मोठी वाटते. आता हिशेब करून पाहा. महापालिकेच्या शाळांत सुमारे ७ लाख मुले आहेत. ५ कोटी भागिले ७ लाख म्हणजे एका मुलामागे ७१ रुपये. एवढ्यात वर्षभराच्या वह्यासुद्धा येत नाहीत. म्हणजे सगळ्या मुलांसाठी एकत्र खरेदी करायची झाली की ते कंत्राट ५ कोटींच्या वर जाणार आणि समितीकडे अडकणार, हे ठरलेलेच होते.

झालेही तसेच. एप्रिल २०२४ मध्ये नवे सत्र सुरू झाले तेव्हा लाखो मुलांकडे पुस्तके, वह्या, गणवेश यांपैकी काही ना काही नव्हते. सोशल ज्युरिस्ट या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. सुनावणीत आयुक्तांकडून पुढे आलेली एक माहिती जास्त बोचणारी होती : सुमारे २ लाख विद्यार्थ्यांचे बँक खातेच नव्हते, त्यामुळे त्यांना खात्यात पैसेही मिळाले नव्हते आणि वह्याही मिळाल्या नव्हत्या. समिती नसल्यास तिचे अधिकार दुसऱ्या कोणाला देता येतील का, असा प्रश्न निघाला, तर त्यासाठी मुख्यमंत्र्यांची संमती हवी असे सांगण्यात आले आणि मुख्यमंत्री त्या वेळी अटकेत होते.

२९ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने निर्णय दिला. तेव्हाचे प्रभारी मुख्य न्यायमूर्ती मनमोहन आणि न्यायमूर्ती मनमीत प्रीतम सिंग अरोरा यांच्या खंडपीठाने सांगितले की मोफत पुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश हा मुलांचा हक्क आहे आणि समिती नाही किंवा मुख्यमंत्री उपलब्ध नाहीत या कारणाने तो थांबवता येणार नाही. आयुक्तांनी ५ कोटींच्या मर्यादेत न अडकता हा खर्च करावा, हिशेब तपासणी मात्र नियमाप्रमाणे व्हावी, असा आदेश झाला. स्थायी समिती त्यानंतरही वर्षभर आलीच नाही. ती अखेर जून २०२५ मध्ये अस्तित्वात आली.

या निर्णयाचा तुमच्यासाठी अर्थ काय? "समितीची मंजुरी नाही" किंवा "फाइल वर आहे" हे उत्तर पुस्तके-वह्यांच्या बाबतीत कायद्यापुढे टिकत नाही. ते ऐकून परत येऊ नका. अर्जात या निर्णयाची तारीख लिहा.

खाते मुलाचे की पालकाचे

२ लाख मुलांचा तो आकडा समितीच्या भांडणातून आलेला नव्हता. तो दुसऱ्याच एका निर्णयाचा परिणाम होता : लाभ मुलाच्या स्वतःच्या बँक खात्याशी जोडण्याचा. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे खाते उघडायचे म्हणजे मुलाचे आधार, पालकाचे आधार, पत्त्याचा पुरावा आणि मजुरी बुडवून बँकेत दोन फेऱ्या. शेजारच्या उत्तर प्रदेशात हीच रक्कम आई किंवा वडिलांच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. तिथे गणवेश, स्वेटर, बूट-मोजे, दप्तर आणि लेखनसाहित्य यांसाठी मिळून वर्षाला १,२०० रुपये मिळतात. रकमेबद्दल मतभेद असू शकतात, पण पहिलीतल्या मुलापेक्षा त्याच्या आईचे खाते आधीपासून असण्याची शक्यता कितीतरी जास्त, हे कोणीही मान्य करेल. आमच्या मते लहान वर्गांसाठी हीच पद्धत सोयीची आहे.

महाराष्ट्राचा अनुभवही इथे सांगण्यासारखा आहे. समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांसाठी एका मुलामागे ६०० रुपये धरलेले असतात आणि पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती त्यातून कापड घेऊन गावातच शिवून घेत असे. २०२४-२५ मध्ये राज्याने सगळीकडे एकसारखा गणवेश ठरवून कापडाची खरेदी एका ठिकाणाहून केली आणि शिलाई महिला बचत गटांकडे दिली. गणवेश उशिरा आले, मापाच्या आणि कापडाच्या तक्रारी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिले. निर्णय मुलापासून जितका दूर गेला तितका उशीर वाढला. दिल्लीतही तेच दिसले, फक्त इथे अडथळा कंत्राटाचा होता.

दिल्लीतल्या मराठी कुटुंबांना खात्याच्या बाबतीत एक खास अडचण येते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी आलेली कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इकडे आहेत. अनेकांचे आधार गावच्या पत्त्यावर आहे, एक खाते गावच्या बँकेत आहे आणि दुसरे इथे उघडले आहे. अशा वेळी पासबुक शाळेत इथले दिलेले असते आणि पैसे गावच्या खात्यात जातात. कारण आधारवर आधारित रक्कम ही पासबुकावरच्या क्रमांकावर न जाता, राष्ट्रीय भुगतान निगमच्या नोंदीत ज्या खात्याशी आधार शेवटचे जोडलेले आहे तिथे जाते. बँकेत "माझे आधार लिंक आहे का" एवढेच विचारू नका. "या खात्यात सरकारी अनुदान जमा होण्यासाठी आधार जोडलेले आहे का" असे विचारा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्याचे उत्तर "हो" असूनही दुसऱ्याचे "नाही" असू शकते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर लॉगिन करून कोणती बँक जोडलेली आहे ते स्वतःही पाहता येते, त्यासाठी आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला हवा.

खाते बरेच दिवस वापरले नाही म्हणून "बंद पडले" असे बँकेने सांगितले तर तेही तपासून घ्या. सरकारी योजना आणि शिष्यवृत्तीसाठी उघडलेली शून्य शिल्लक खाती केवळ दोन वर्षे व्यवहार झाला नाही म्हणून निष्क्रिय ठरवू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत.

मुलाचे आधारच नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटले आहे की आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही आणि शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही. तरीही आधार काढून ठेवलेले बरे, कारण निकाल हातात असला तरी संगणकातला रकाना रिकामा राहिला की फाइल पुढे सरकत नाही हे आपण सगळे जाणतो. ५ वर्षांनंतर आणि १५ वर्षांनंतर बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद अद्ययावत करावी लागते. ५ ते ७ या वयात ते मोफत होते. ७ ते १५ या वयासाठीचे शुल्कही १ ऑक्टोबर २०२५ पासून एका वर्षासाठी माफ करण्यात आले.

हजेरीपटाशी पैसा कसा जोडला आहे

शाळेला मिळणारा पैसा दोन वेगवेगळ्या आकड्यांवर ठरतो आणि पालक बहुधा दोन्हींत गल्लत करतात. पहिला आकडा पटावरचा, म्हणजे शाळेत किती मुलांची नावे आहेत तो. समग्र शिक्षा योजनेतील शाळा अनुदान यावर ठरते. ३० पर्यंत मुले असतील तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. पायऱ्या पाहा : २५१ मुलांच्या शाळेतून दोन नावे कमी झाली तर अनुदान २५,००० रुपयांनी खाली येते. नळ, पंखे, फळा, स्वच्छता ही कामे याच पैशातून व्हायची असतात. किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करणे बंधनकारक आहे, त्यामुळे मुलींच्या स्वच्छतागृहाची अवस्था वाईट असेल तर "निधी नाही" हे उत्तर लगेच मान्य करू नका.

पट कमी झाल्याचा याहून मोठा फटका उत्तर प्रदेशात दिसला. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारने कमी पटाच्या प्राथमिक शाळा जवळच्या शाळांशी जोडायला सुरुवात केली. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. विरोध वाढल्यावर सरकारने सांगितले की ५० पेक्षा जास्त मुलांची शाळा आणि १ किलोमीटरपेक्षा दूर जावे लागेल अशी शाळा जोडली जाणार नाही. नोएडा-गाझियाबादकडच्या गावठाणात तुमची शाळा छोटी असेल तर पटावर ५० नावे असणे किती मोलाचे आहे ते यावरून समजेल.

दुसरा आकडा रोजच्या हजेरीचा. पीएम पोषण योजनेत पाचवीपर्यंतच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. धान्य केंद्राकडून येते. डाळ, भाजी, तेल, इंधन यांचा खर्च १ मे २०२५ पासून एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरला आहे, सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. २०० मुले हजर असतील तर दिवसाचे १,३५६ रुपये होतात. हजेरी कागदावर २०० आणि वर्गात १५० असेल तर ५० ताटांचे ३३९ रुपये रोज कुठे जातात, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना आहे. आणि ६ रुपये ७८ पैशांत आजच्या भावाने डाळ-भाजी-तेल कसे बसवायचे, हा प्रश्न स्वयंपाक करणाऱ्यांनी सरकारला विचारला तर तोही रास्तच आहे.

शाळा भरली पण धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्याने जेवण मिळाले नाही, तर २०१५ च्या नियमांनुसार मुलांना अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा असतो आणि तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा लागतो. ही तरतूद फार कमी पालकांना माहीत आहे, म्हणून मागितलीही जात नाही.

दिल्लीत याला धुराचा एक वेगळा पदर आहे. हिवाळ्यात हवा बिघडली की प्राथमिक वर्ग आधी बंद होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच नोंद घेतली की शाळा बंद झाल्याने अनेक मुलांचे दुपारचे जेवण बुडते आणि अनेकांच्या घरी ऑनलाइन वर्गाची सोय नाही. घरात एकच मोबाइल, तोही वडील कामावर घेऊन गेलेले. अशा दिवशी मुलाला गैरहजर लावले असेल तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा की मोबाइल नसल्याने वर्गाला बसता आले नाही. वर्षअखेरीला हजेरी मोजताना हा कागद कामी येतो.

नाव कापण्याची भीती

लग्नसराई, गावची यात्रा, आजारपण. मूल महिनाभर गावी राहिले आणि परत आल्यावर "नाव कमी केले" असे ऐकावे लागले, ही तक्रार जुनी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मध्येच शाळा बदलायची झाली तर कलम ५ प्रमाणे दाखला मिळणे हा हक्क आहे आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश रोखू शकत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही, ते कलम १४ मध्ये आहे.

इथे एक बदल ध्यानात असू द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि दिल्लीने ती वापरली. म्हणजे चौथीपर्यंत मूल आपोआप पुढे जाते, पाचवीला मात्र तसे नाही. परीक्षेत मागे पडल्यास निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी मिळते. त्यातही यश न आल्यास त्याच वर्गात बसावे लागू शकते, पण शाळेतून काढता येत नाही. महापालिकेच्या शाळेत पाचवी हाच शेवटचा वर्ग आहे, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये लांबचा प्रवास ठरवताना आधी पुनर्परीक्षेची तारीख विचारून घ्या. गावी गेलात आणि संधी हुकली, तर सहावीचा प्रवेश एक वर्ष लांबतो.

समितीत बसा, आणि लेखी विचारा

शाळा व्यवस्थापन समिती कायद्याच्या कलम २१ मधली आहे. त्यातले तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असायला हव्यात. सरकारी अनुदान कसे वापरले जाते यावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. अनेक शाळांत ही समिती सहीपुरती राहते. बैठकीचे बोलावणे आले की आई-बाबांपैकी कोणीतरी जरूर जा, आणि हिंदीत बोलायचा संकोच असेल तर प्रश्न कागदावर लिहून न्या.

तोंडी विचारण्याने काम होत नसेल तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे महापालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल ३ महिन्यांत द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर दिल्ली बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. त्याच्या जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न मोघम ठेवू नका. "गणवेश का मिळाला नाही" असे विचारल्यास "प्रक्रिया सुरू आहे" एवढेच उत्तर येईल. त्याऐवजी असे लिहा : या शाळेतील किती विद्यार्थ्यांच्या गणवेशाची रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली, किती व्यवहार परत आले आणि परत येण्याचे कारण काय नोंदले आहे. रक्कम परत आली असेल तर दोष तुमच्या खात्याच्या जोडणीत आहे आणि तो बँकेत जाऊन सुधारता येतो. रक्कम पाठवलीच नसेल तर फाइल महापालिकेच्या कुठल्या टेबलावर आहे तेही त्याच उत्तरात लेखी मिळेल, आणि तक्रार त्या अधिकाऱ्याच्या पदनामाने करता येईल.